वगळलेला काटा

दिग्रसजवळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर त्या हंगामात संगणक बसवण्यात आला. सुरू होताना तो आधी एक वर्णन वाचत असे: आपल्याला कोणती यंत्रे जोडली आहेत आणि कोणत्या तारेवर. हे वर्णन मुख्यालयाने सर्व केंद्रांसाठी एकच मंजूर केले होते. त्यात नवा वजनकाटा होता, दुसऱ्या तारेवर. या केंद्रावर काटा जुना, पहिल्या तारेवर. संगणकाने दुसऱ्या तारेवर काटा शोधला, तो मिळाला नाही, म्हणून संगणक नियमानुसार थांबला.

फाटकापाशी कापसाने भरलेली बैलबंडी घेऊन रुपीबाई उभी होती. वर आभाळ भरून आले होते.

"काहून थांबवलं वो? काटा तं समोरच दिसून राह्यला."

"तुले दिसते, मावशी," ऑपरेटर तमन्ना म्हणाली, "कम्प्युटरले नाही दिसत. त्याले कोणी सांगितलंच नाही."

"मंग सांग ना त्याले!"

तमन्ना केंद्रप्रमुख देवतळ्यांकडे गेली. "साहेब, वर्णनात तार बदलवू का? लगेच चालू होते."

देवतळे दचकले. "मंजूर वर्णन बदलवतेस? अगं, केंद्र चुकू शकते. वर्णन कसे चुकेल?"

त्यांनी मुख्यालयाला फोन लावला. खुलासा मिळाला: वर्णनात दुरुस्ती करण्याचा अधिकार केंद्रास नाही, न सापडणारे यंत्र वगळण्याचा मात्र आहे.

"काटा वगळ," देवतळे म्हणाले.

"मंग कापूस कशावर मोजायचा?"

"तसा प्रश्न मुख्यालयाने उपस्थित केलेला नाही."

तमन्नाने काटा वगळला. संगणक एका दमात सुरू झाला. पडद्यावर 'सर्व यंत्रे सुस्थितीत' अशी अक्षरे उमटली. देवतळ्यांनी नारळ फोडला आणि फाटकापर्यंत खोबरे वाटले. तेवढ्यात थेंब पडू लागले.

"झालं नं चालू?" रुपीबाईने अंगावरची ओढणी काढून कापसावर टाकली. "मोजा आता लवकर."

"बाई," काट्याला टेकून उभे असलेले देवतळे म्हणाले, "या केंद्रावर काटा नाही."

रुपीबाईने हातातले खोबरे त्यांच्यासमोर, काट्यावरच ठेवले आणि बंडी वळवली. फाटकाबाहेर ताडपत्रीखाली व्यापारी बसला होता. त्याच्या काट्याला वर्णन लागत नसे. व्यापारी म्हणेल तेवढेच वजन तो दाखवी. ओल्या कापसाचे तर व्यापारी आणखीच कमी म्हणे. रुपीबाईने तिथेच माल उतरवला.

संध्याकाळी संगणकाने आपणहून अहवाल पाठवला: केंद्र सुरळीत, आवक निरंक. मुख्यालयाने निष्कर्ष काढला की या भागात विकायला कापूस उरलेलाच नाही, म्हणजे कापसाचे संकटही उरलेले नाही.

सकाळी पेपरात तशी बातमी आली. तुम्हीही ती वाचलीत. "चला, यंदा तरी शेतकऱ्यांची ओरड नाही," असे म्हणालात आणि क्रिकेटचे पान उघडलेत.