कुलपाबाहेरची पाटी

मावशीच्या रोपवाटिकेची वेबसाइट भाचीने बांधली होती. साइट देखणी होती, पण अधूनमधून आडवी पडायची. मग कोऱ्या पानावर फक्त एक रुक्ष ओळ उमटायची की डेटाबेसशी संपर्क होत नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं, दुकान बुडालं.

“रविवारी गुलाबांची विक्री आहे. त्या दिवशी ही ओळ दिसली, तर साइटचं काम कंपनीकडे देणार,” काका म्हणाले.

“अहो, पडायची ती पडेल,” मावशी म्हणाली. “पडल्यावर नीट बोलली म्हणजे झालं.”

भाचीला हे पटलं. त्या कोऱ्या पानासाठी तिने एका मलूल रोपाचं चित्र काढलं, शेजारी झारी काढली आणि खाली मावशीने सांगितलेले शब्द लिहिले: ‘साइटने मान टाकली आहे. पाणी घालतोय. तोवर फोन करा.’ शनिवारी तिने सगळ्यांसमोर मुद्दाम डेटाबेस बंद केला. पडद्यावर पांढरंफटक पान आलं.

“रोप कुठंय?” काकांनी विचारलं.

भाचीने कपाळावर हात मारला. चित्र, शब्द, फोन नंबर, सगळं तिने मोठ्या शिस्तीत डेटाबेसमध्येच ठेवलं होतं. डेटाबेस म्हणजे साइटचं कोठार. आता कोठाराला कुलूप आहे हे सांगणारी पाटी कोठाराच्या आत लावली, तर ती वाचणार कोण?

पोरगी मोठी चिकाटीची. तिने ते पान पुन्हा केलं, साध्या वेगळ्या फाइलमध्ये, कोठाराकडे काहीच न मागणारं. या वेळी रोप दिसलं.

“ह्याला आत्ता पाणी घालावंसं वाटतंय गं,” मावशी म्हणाली. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारच्या शिंप्याला बोलावलं, त्याने बायकोला बोलावलं. त्या कौतुकात डेटाबेस परत सुरू करायचं सगळेच विसरले.

रविवारी विक्री सुरू झाली आणि फोन खणखणू लागला. “ते रोप वाचेल ना हो?” एका बाईंनी विचारलं. दुसऱ्या गृहस्थांना तेच हवं होतं. “आमच्याकडे ऊन चांगलं आहे, जगवतो आम्ही.” मावशी प्रत्येकाला माती, ऊन, छाटणी समजावू लागली, आणि एक गुलाब मागणारा तीन घेऊ लागला.

भाची धापा टाकत आली. “काका, चूक माझी. आत्ता सुरू करते. मग कंपनीला सांगायचं तर सांगा.”

काकांनी फोन कानाशी धरूनच तिचा लॅपटॉप हळूच मिटला.

“बस जरा,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी शेवंतीची विक्री आहे. तेव्हा किती वाजता पाडशील?”