दगा देणार, पण लेखी कळवून

"दहा दिवसांत सगळा समुद्र हिरवा करून दाखवतो!" ग्रंथपाल बायकोला म्हणाले, आणि हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं यावर विश्वास न बसून त्यांनी मागे वळून पाहिलं.

मागे फक्त पुस्तकांचं कपाट होतं. आणि भांडण त्या कपाटाचंच होतं.

बैठकीच्या खोलीला खिडकी एकच. तिची अर्धी बाजू कपाटाने अडवलेली, उरलेल्या अर्ध्या बाजूला ग्रंथपालांची खुर्ची. बायकोचं शिवणयंत्र मागच्या खोलीत, जिथे भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जात नसे. अकरा वर्षं ती सांगत होती, "कपाट मागे न्या, यंत्र पुढे आणते."

"अगं, पुस्तकांना उजेड लागतो."

"पुस्तकांना? ती तर मिटलेली असतात!"

यावरचं उत्तर ग्रंथपालांना रात्री अंथरुणात सुचत असे, पण तोवर ती झोपलेली असायची. स्वभावच तसा. दुकानदाराने चुकीची वस्तू हातात दिली, तर हीच हवी होती असा चेहरा करून घरी आणणारा माणूस! चौतीस वर्षं वाचनालयात काढली तीही "शांतता राखा" या पाटीच्या खाली. ती पाटी आपल्यालाच उद्देशून आहे, अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत होती.

अशात परगावी राहणाऱ्या मुलीने तो खेळ सुरू केला. "घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, निदान लढतील तरी," असं म्हणून तिने पाच जणांना इंटरनेटवरच्या एका पटावर आणून बसवलं. पटावर समुद्र, समुद्रात तीस बेटं, प्रत्येकाला सहा. हिरवा रंग ग्रंथपालांचा, निळा बायकोचा. लाल रंग मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, जो दातांचा डॉक्टर होता. पिवळा विहीणबाईंचा, ज्यांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. पांढरा जावयाचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कोणाशीही वाकडं घ्यायला घाबरायचा. दिवसभर एकमेकांना गुप्त पत्रं पाठवायची, तह करायचे, मोडायचे. आपली चाल लपवून नोंदवायची. संध्याकाळी सहाला सगळ्यांच्या चाली एकदम उघडायच्या. अशा दहा चाली. मुलगी स्वतः पंच.

"शेवटी ज्याची बेटं जास्त, खिडकी त्याची," बायको म्हणाली. "तुमची माझ्यापेक्षा जास्त झाली, तर मी यंत्राचं नाव काढणार नाही. माझी झाली, तर कपाट आत!"

ग्रंथपाल मनातल्या मनात हसले. राजेरजवाड्यांच्या कारस्थानांवरची दोन फळ्या पुस्तकं त्यांनी वाचली होती. समोरासमोर बोलायचं असतं, तर गोष्ट वेगळी. पण पत्रं? कागदावर ते सिंह होते!

पहिल्या सकाळी त्यांनी टॅबलेट मांडीवर घेतला आणि मेहुण्याला लिहिलं, "उद्या सहा वाजता मी विहीणबाईंच्या मिठाच्या बेटावर उतरतो. तुम्ही उत्तरेकडून या. भिंतीलाही कळता कामा नये." मग विहीणबाईंना लिहिलं, "आपली मैत्री अभंग. परवा आपण दोघं मिळून लालचं शंखाचं बेट घेऊ. दात उपटणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही." शेवटी जावयाला, "निळ्या देशाची काळजी नको. हिला नकाशा उलटा धरला तरी कळत नाही. तिला आपण शेवटी, सावकाश बुडवू."

प्रत्येक पत्राखाली चार रंगांच्या चार छोट्या ढाली होत्या. मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, ढालींवर खूण करायला विसरू नका हं, नाहीतर पत्र जाणारच नाही."

विसरतील कसे? ग्रंथपालच ते! पुस्तकात चार विषय असले तर चार नोंदी करायच्या, चार कार्डं लिहायची, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. पत्र कोणाला आहे ते तर पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. एवढं शहाणं यंत्र, तेवढं वाचत नसेल? तेव्हा ढाली म्हणजे उघडच वर्गीकरण! ज्या ज्या देशाचा उल्लेख, त्या त्या ढालीवर खूण. मिठाच्या बेटाच्या पत्राला त्यांनी लाल आणि पिवळी खूण केली. शंखाच्या बेटाच्या पत्राला पिवळी आणि लाल. बायकोबद्दलच्या पत्राला पांढरी आणि निळी. हल्ली अशी नीट नोंद कोण ठेवतं, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मिठाचं बेट हिरवं झालं! विहीणबाईंनी तिथे एकही जहाज ठेवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शंखाचं बेट हिरवं झालं. तिथेही शुकशुकाट!

मेहुण्याचा फोन आला. मागे कोणीतरी आ वासून बसल्याचा आवाज येत होता. "भाऊजी, मानलं तुम्हाला! असं करायला काळीज लागतं!"

"लागतं," ग्रंथपाल म्हणाले. कोणतं काळीज ते त्यांना कळलं नाही, पण स्तुती नाकारणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

मग विहीणबाई. "मी इतकी वर्षं गणित शिकवलं, पण उत्तर आधी फळ्यावर लिहून मग गणित सोडवायला बसणारा माणूस पाहिला नव्हता. मला वाटलं, हुलकावणी असेल. तुम्ही तर सरळ उतरलात!"

"आम्ही सरळच उतरतो, विहीणबाई."

"तेच! पुढच्या वेळी माझ्यावर आलात, तर मी आपली आधीच बाजूला होईन."

ग्रंथपाल हवेत चालू लागले. चहात साखर घ्यायचे ते चमचा बडवत घेऊ लागले. आरशात पाहून एक भुवई उचलायचा त्यांनी सराव केला. दोन्ही एकदम वर जात, तरी बरं दिसे.

पाचव्या दिवशी मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. जावयाचा फोन. "बाबा, तुम्ही परवा माझं बंदराचं बेट घेणार आहात ना? मी आजच रिकामं करतो. उगाच धावपळ नको तुम्हाला, गुडघे दुखतात."

ग्रंथपाल हादरले. ही योजना त्यांनी फक्त विहीणबाईंना लिहिली होती! जावई मनकवडा तरी असला पाहिजे, नाहीतर घरात हेर! आणि घरात ते सोडून माणूस एकच होतं. त्या दिवसापासून टॅबलेट कपाटात, ज्ञानकोशाच्या सातव्या खंडामागे जाऊ लागला.

"काय लपवताय?" बायकोने विचारलं.

"राज्याची गुपितं!"

"बरं," ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. तोडताना हसल्यासारखी वाटली. पण दोरा तोडताना सगळेच हसल्यासारखे दिसतात.

नवव्या संध्याकाळी हिरवी बेटं बारा! निळी नऊ. ही नऊ कधी झाली, ते ग्रंथपालांच्या ध्यानात आलं नव्हतं; ते ज्या बाजूला जात, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला बायको रोज एखादं बेट उचलत होती. उरलेली नऊ बाकी तिघांत. एकच चाल शिल्लक. ग्रंथपालांनी कपाटावरून प्रेमाने हात फिरवला. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, पंचाने बोलू नये, पण राहवत नाही. तुम्ही ग्रेट आहात! सगळ्यांना सगळं सांगून जिंकताय!"

"म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक पत्र ज्याच्याविरुद्ध, त्यालाही पाठवता ना! मामा तर म्हणतो, भाऊजी दगा देतात, पण आधी लेखी कळवून देतात. असा विश्वासू शत्रू मिळायला भाग्य लागतं!"

"मी? कुठे पाठवली?"

"ढालींवर खुणा कोण करतं?"

"त्या... त्या वर्गीकरणाच्या ना?"

पलीकडे मुलगी इतकी हसली, की ग्रंथपालांनी फोन कानापासून लांब धरला.

"बाबा, त्या ढाली म्हणजे पत्ता! ज्या ढालीवर खूण, त्याला पत्र! अहो, तुम्ही नऊ दिवस... आई गं! बरं ऐका. आता काही करू नका. जहाजं आहेत तिथेच राहू द्या. नुसते बसून राहिलात तरी जिंकलात!"

ग्रंथपाल मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. दिव्याखाली बायको उशीच्या अभ्र्याला शिवण घालत होती.

"तुला... माझी पत्रं येतात का गं?"

"येतात की. रोज."

"पहिल्या दिवसापासून?"

"नकाशा उलटा धरला तरी कळत नाही. ते पहिल्या दिवसाचंच ना?" तिने यंत्राचं चाक फिरवलं. "सावकाश बुडवणार होतात. वाट बघतेय."

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? खुर्चीत बसून राहिला असता! पण ग्रंथपालांना खुर्ची टोचू लागली. हे बारा बेटांचं राज्य कारस्थानाने मिळालेलं नव्हतं, गबाळेपणाने मिळालं होतं! दोन फळ्या पुस्तकं वाचून काय उपयोग? आयुष्यात एकदा तरी, फक्त एकदा, आपण खरोखर कपटी आहोत हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी त्यांनी मेहुण्याला पत्र लिहिलं. "आज माझं सगळं आरमार हिच्या दीपस्तंभाच्या बेटावर नेतो. माझी बेटं उघडी राहतील. तुम्ही त्यांना हात लावू नका. बदल्यात मिठाचं बेट तुमचं." खाली फक्त लाल ढालीवर खूण केली. निळी, पिवळी, पांढरी कोरी! तीन वेळा चष्मा पुसून खात्री केली आणि पत्र पाठवलं. मग चालही नोंदवली आणि टॅबलेट वाचनालयातून चोरलेल्या पुस्तकासारखा घाईने कपाटात दडवला.

सहाला दहा मिनिटं उरली असताना आतल्या खोलीत बायकोचा फोन वाजला. भिंत पातळ होती आणि मेहुण्याला मोठ्याने बोलायची सवय, कारण त्याचे निम्मे रोगी बहिरे होते.

"ताई, घात! भाऊजींनी मला एकट्याला पत्र लिहिलंय!"

"एकट्याला?"

"एकट्याला! बाकीच्या ढाली कोऱ्या! नऊ दिवस माणसाने सगळ्यांना सगळं खरं सांगितलं, आणि आज लपूनछपून? हा सरळसरळ डाव आहे. दीपस्तंभ म्हणतात म्हणजे नक्की माझ्यावर येणार! मी विहीणबाईंना आणि जावयाला कळवलंय. आता ते आपल्यावर येण्याआधी आपणच..."

दार लागलं. पुढचं ऐकू आलं नाही.

ग्रंथपाल टॅबलेटकडे धावले. चाल बदलायला हवी! टॅबलेट कुठंय? कपाटात! ज्ञानकोशाच्या मागे! सहावा खंड काढला, आठवा काढला. सातवा कुठे गेला? सातवा त्यांनीच दुपारी, कपट केल्याच्या आनंदात, वरच्या फळीवर मानाच्या जागी ठेवला होता, टॅबलेटसकट! स्टूल आणलं, चढले, चार खंड खांद्यावर झेलले, टॅबलेट हाती लागला आणि भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले.

पट उघडला.

दीपस्तंभाच्या बेटावर हिरवं आरमार दिमाखात उतरलं होतं. तिथे चिटपाखरू नव्हतं. बायकोची सगळी जहाजं तिथून आधीच निघाली होती आणि ग्रंथपालांची उघडी पडलेली तीन बेटं घेऊन बसली होती. आणखी एक मेहुण्याने घेतलं, एक विहीणबाईंनी. एक तर चक्क जावयाने! त्याचा लगेच निरोपही आला, "बाबा, माफ करा, सगळे म्हणाले म्हणून."

हिरवी सात. निळी अकरा.

उजेडासाठी एवढं युद्ध झालं, आणि ग्रंथपालांच्या वाट्याला काय आलं? दीपस्तंभ!

ते स्टुलावर तसेच उभे होते. खाली जमिनीवर ज्ञानकोश पसरला होता. बायको दारात आली, कमरेला मोजपट्टी गुंडाळलेली.

"दीपस्तंभ का सोडलास?" त्यांनी विचारलं. "तुझ्या भावाला तर वाटत होतं, मी त्याच्यावर जाणार."

"त्याला वाटू दे. तुम्ही तिथेच जाणार हे मला ठाऊक होतं. चोरून पत्र लिहिलंत तरी खोटं लिहायला जमतंय कुठे तुम्हाला?" तिने हात पुढे केला. "उतरा आधी. पडाल. मग कपाट रिकामं करायला घेऊ."

ते उतरले. खाली मान घालून म्हणाले, "ते नकाशाचं... तसं लिहायला नको होतं मी."

"मग लेखी द्या. आणि खुणा नीट करा. सगळ्या ढालींवर!"

ग्रंथपालांनी मुकाट्याने लिहिलं, "निळ्या देशाच्या राणीला नकाशा उत्तम कळतो. सरळ, उलटा, कसाही." चारही ढालींवर खुणा करून पाठवलं. मिनिटभरात मेहुण्याचं उत्तर आलं, "सगळ्यांना पाठवलंय म्हणजे खरंच असणार! ताई, अभिनंदन!"

दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र खिडकीत आलं. त्याच्या बाजूला हातभर जागा उरत होती. तिथे बायकोने न विचारता त्यांची खुर्ची सरकवून ठेवली. कपाट मात्र मागच्या खोलीत गेलं. तिथे दिवा लावून ग्रंथपाल सगळी पुस्तकं पुन्हा क्रमाने लावत बसले. युद्धाची पत्रं त्यांनी कागदावर उतरवून ठेवली होती, त्यांचीही एक जाड फाइल झाली. फाइल म्हटलं की कार्ड आलं. त्यांनी कोरं कार्ड घेतलं, सुबक अक्षरात "पराभव" असं लिहिलं, जरा विचार केला, दाराकडे पाहून घेतलं, आणि वाचनालयाच्या रीतीप्रमाणे त्याखाली, अधिक माहिती कुठे शोधायची त्याची नोंद केली:

"पाहा: बायको."