अकरा बटणांचा सोडियम

हिरालाल सर आठवीच्या तासाला हजेरी घेत नाहीत, प्रोटॉन मोजतात. मुलं मैदानात रांगेत उभी असतात. प्रत्येकाच्या अंगात जुन्या गणवेशाच्या कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट, त्यावर पांढरी बटणं. अकरा असली तर सोडियम, सतरा असली तर क्लोरिन. ही बटणं म्हणजे प्रोटॉन, घट्ट शिवलेले. इलेक्ट्रॉन खिशात सुटे. थंडीत बोरं, उन्हाळ्यात चिंचोके.

"बटनं मोजा, बोरं मोजा. सारखी शेत? मंग अणू. एक बोर दी टाकं की आयन. पन नाव बटनवर! खिसा रिकामा व्हयना तरी सोडियम तो सोडियमच शे."

सर अहिराणीत शिकवतात; मी हे सगळं इंग्रजीतून शिकले. आयन म्हणजे दोन मार्कांची व्याख्या, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. गेल्या वर्षी तळोद्याच्या या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा मी खिडकीतून सरांचा तास चोरून बघायची.

बोरांची एक अडचण होती. इलेक्ट्रॉन खाल्ले जात.

"काय रे मगन, तू क्लोरिन ना? सोडियमनी तुले बोर दिधं. तू मायनस पाहिजे. प्लस कसा व्हयना?"

"माहीत नही, सर."

"तोंड उघड."

मगनच्या तोंडातून दोन बिया निघाल्या. सरांनी मातीत काडीने हिशेब मांडला: सतरा अधिक एक, उणे दोन. "बरोबर शे. प्लसच शे," ते समाधानाने म्हणाले.

स्टाफरूममध्येही तेच. मुख्याध्यापक हेलियम, कारण त्यांचं कोणाशी काही अडत नाही. क्लार्क क्लोरिन, कारण त्यांना कायम एक पेन कमी. त्यांनी माझं पेन नेलं, तेव्हा सर माझ्याशी बोलतात त्या जपून वापरलेल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "आता तुम्ही प्लस. घाबरू नका, मॅडम. तुम्ही तुम्हीच आहात." मी नुसती हसले.

जानेवारीत एकदा क्लोरिनला धीर धरवला नाही. त्याने बोरासाठी सोडियमचं जाकीटच ओढलं आणि एक बटण उडालं.

"सर, दहाच ऱ्हायनात! निऑन व्हई गया!" एक मुलगी ओरडली.

उत्तर अगदी बरोबर होतं, पण सरांनी तिला शाबासकी दिली नाही. असं पहिल्यांदाच झालं. ते गुडघ्यांवर बसून मातीत हात फिरवू लागले. मी धीर करून बाहेर गेले. "सर, माझ्याकडे बटण आहे. दुसरं लावू या ना."

"दुसरं नही चालस, मॅडम." माझ्याशी ते पहिल्यांदाच अहिराणीत बोलले.

शाळा सुटल्यावर नळापाशी बाटली भरताना मला ते बटण चिखलात दिसलं. सरांचं घर शाळेच्या मागेच, म्हणून नेऊन द्यायला गेले. सर ओट्यावर सुईदोरा घेऊन बसले होते. मांडीवर जाकिटांचा ढीग. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"जाकिटं माझी बायको शिवते," ते हळूच म्हणाले. "साखरेच्या आजाराने तिची नजर गेली. आधी सगळ्या गल्लीचे ब्लाऊज शिवायची. नजर गेली तशी चार महिने बोलली नाही. मग मी तिच्यासाठी हे प्रोटॉनचं काम काढलं. पण तिचा टाका आता बटणाच्या भोकात बसत नाही. घरी आलो की मी गुपचूप परत घालतो." त्यांनी बटण घाईने पुसलं. "ती बोटांनी मोजते. जुनी बटणं तिला ओळखू येतात. एक जरी सुटलेलं कळलं, तर ती परत सुई धरणार नाही."

त्यांनी बटणातून दोरा एकदाच ओवला होता, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोन शे?"

"शाळाना मॅडम उन्यात."

भिंतीला हात लावत काकू बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी नेमकं तेच जाकीट ओढून घेतलं. गाठ अजून मारायची होती. सर त्यांच्या मागे सरकले आणि जाकिटाच्या आतून दोरा बोटाला गुंडाळून ताणून उभे राहिले. सुई त्यांच्या दातांत होती.

काकूंची बोटं सावकाश चालली होती. आठ. नऊ. दहा.

"अकरा." त्यांनी ते बटण जरा हलवून पाहिलं. "मॅडम, खरं सांगा. पोरं इतली ओढतस, मन्हं बटन कधी सुटनं का?"

सर माझ्याकडे बघत होते.

"नाही, काकू," मी म्हणाले. "एकही नाही."

काकू हसल्या. "चहा ठेवस," म्हणत उठल्या आणि उंबऱ्यापाशी थांबल्या.

"अहो, तो दोरा सोडा आते. बोट कापाई जाई."

त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. सरांनी दोरा सोडला नाही.