आप्पांची पाव्हणी

शिरूरला राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी मी गॅलरीत उभी राहून गोधडी झटकली, आणि खालून असा आरडाओरडा झाला की मला वाटलं, कुणाला तरी साप चावला.

"आरं थांबा! पाव्हणी आली, पाव्हणी!"

मी वाकून पाहिलं. अंगणात आमचे घरमालक, रंगनाथआप्पा, उभे होते. साठी उलटलेला माणूस. कमरेला ओला पंचा, डोक्याला ओला टॉवेल, बाकी अंग उघडं, आणि पाठीवर शेतात औषध मारायचा पंप. त्यांनी नळी वर रोखली आणि माझ्या गोधडीवर, म्हणजे अर्थात माझ्यावरही, पाण्याचा फवारा मारला. मी ओरडायचंसुद्धा विसरले.

"राग मानू नका, ताई," ते खालून शांतपणे म्हणाले. "आत काठी वली हाय."

आप्पा मासे धरायच्या काठ्या बनवायचे. रांजणगावच्या एका कारखान्यात ते पेंट शॉपला होते. तिथल्या एका साहेबांना गळ टाकायचा नाद. त्यांची काठी आप्पांनी रंगवून दिली आणि रिटायर झाल्यावर हाच उद्योग धरला. दौंडच्या पुढे भीमेच्या पाण्यावर बसणारे पुण्याचे हौशी लोक आप्पांकडे काठ्या बांधायला टाकायचे. आप्पांनी स्वतः मात्र जन्मात मासा खाल्लेला नाही. शेजारी बोंबील भाजले तरी ते नाक दाबून देवळात जाऊन बसतात.

काठीवर दोरी ओवायच्या कड्या असतात. त्या रेशमी धाग्याने, वेढ्याला वेढा भिडवून बांधायच्या आणि वर काचेसारखा लेप द्यायचा. हा लेप सुकायला दिवस घेतो, आणि तोवर हवेतलं जे काही उडतं ते येऊन त्यात रुतून बसतं. त्या येऊन बसणाऱ्या धुळीला आप्पा 'पाव्हणी' म्हणायचे. "सांगून येत न्हाई, आली की जात न्हाई," हे त्यांचं म्हणणं.

एकदा खालून जळका वास आला. मी बादली घेऊन धावले. पाहते तर आप्पा स्पिरिटच्या दिव्यावरून काठी गरागरा फिरवत होते.

"आग न्हाई वं! लव जाळतोय, धाग्याची लव!"

लव जाळून झाली की बोटाला चिकटपट्टी उलटी गुंडाळायची आणि तिने प्रत्येक वेढा थोपटायचा. आई बाळाला निजवते तसा. मग भिंग लावून पाहायचं, पुन्हा थोपटायचं, आणि मगच लेपाला हात लावायचा. पंखा बंद. फरशी ओली. दाराला ओलं गोणपाट. सुती कपड्याचे तंतू उडतात म्हणून अंगात सदरा नाही. मला एकदाच बाहेरच्या अर्ध्या खोलीत प्रवेश मिळाला, तोही पाय धुऊन आणि ओढणी दाराबाहेर ठेवून. आत गेले आणि शिंकले. आप्पांनी आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यानंतर कितीतरी दिवस ते मला जिन्यात दिसले की हातातलं फडकं नाकापाशी धरायचे.

पण खरा धक्का गावाला बसला तो त्यांच्या मिशीने. चांगली झुबकेदार मिशी. तिचा एक केस लेपात पडला, म्हणून आप्पांनी ती सफाचट करून टाकली. आमच्याकडे माणूस मिशी काढतो तो घरात कुणी गेलं तरच. दुपारी तळेगाव ढमढेऱ्याहून त्यांचे मेहुणे जीपभर माणसं घेऊन रडत आले.

"दाजी, कोण गेलं?"

"मिशी," आप्पा म्हणाले. "पाय धुवून आत या."

मेहुण्यांनी आठ महिने बोलणं टाकलं.

मालनकाकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, कोकणात मुलीकडे राहायच्या. त्या आप्पांच्या या खुळाला कंटाळून गेल्या, असं गल्लीत सगळे म्हणत. ओली गोधडी वाळत घालताना मलाही त्यात नवल वाटलं नव्हतं.

परवाच्या दिवाळीआधी आप्पांनी जिन्याखालून हाक मारली. "ताई, जरा खाली या. तुमचे डोळे पायजेत." त्यांना मोतीबिंदू झालेला, भिंगातूनही धूसर दिसायचं.

मी पाय धुतले, ओढणी काढली, तोंडावर रुमाल धरला. या वेळी आप्पांनी आतलं गोणपाटही बाजूला केलं, आणि मी जागच्या जागी थबकले. आत पलंग होता. नवी गादी, उशी, वर प्लास्टिकचं आवरण. शेजारी स्टुलावर वाफ घ्यायचं मशीन. आणि बरोबर उशीच्या वर, दोरीला आडवी टांगलेली एक काठी.

"इथे कोण झोपतं, आप्पा?"

"आजून कोण न्हाई." ते फरशीकडे बघत म्हणाले. "मालनला दम हाय. ह्यो रस्ता, ह्ये ट्रक, आन् धूळ. निसती छाती वाजायची तिची. डॉक्टर म्हनले, धूळ टाळा. टाळायची कशी? म्हनून पोरीकडं धाडली. तिकडं बरी हाय. पन तिला आपल्या घरात ऱ्हायचंय."

"आणि मग या काठ्या?"

"आधी हौस व्हती. ती गेल्यावर ध्यानात आलं. हवेतली धूळ काय डोळ्याला दिसती व्हय? पेंट शॉपला आम्ही पत्रा रंगवून ठिवायचो. वल्या रंगावर कायबी बसलं न्हाई, म्हंजी हवा सोच्छ. आता ही काठी बगा. काल सकाळी लेप दिला, तवापासनं तिच्या उशाशी टांगलीया. आधी वेढे साफ केले, चांगले दोनदा. म्हंजी आता जे बसलं आसंल ते हवेतलंच."

मी भिंग घेतलं. एकेक वेढा बघत पुढे सरकले आणि शेवटच्या कडीपाशी मला एक काळा ठिपका दिसला.

"आप्पा... काहीतरी आहे."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी भिंग हलवलं. ठिपकाही हलला. भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. लेप आरशासारखा होता.

"भिंगावर होता, आप्पा! काठी साफ आहे."

आप्पा ओल्या फरशीवर मटकन बसले. मग त्यांनी फोन लावला. फोनच्या स्पीकरवरून काकू म्हणाल्या, "परत काठीचं सांगताय का?"

"एकबी पाव्हणी न्हाई बसली. वरच्या ताईंनी बघितली."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"खरं?"

"व्हय."

"मग येती मी."

काकू चौथ्या दिवशी आल्या. बारीक, हसऱ्या. अंगणातून पलंगापर्यंत आप्पा त्यांच्या मागे असे चालत होते, जणू त्या काचेच्या आहेत. त्या दिवशी सगळ्या गल्लीने दारापुढे पाणी मारलं. कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला उतरले. आप्पा खोलीच्या दाराबाहेर, भिंतीला कान लावून उभे होते. डोळ्यांतून धारा.

"काय झालं, आप्पा?"

"आवाज येत न्हाई, ताई," ते कुजबुजले. "श्वासाचा आवाजच येत न्हाई."

पातेलं तिथेच टाकलं, गोणपाट सारलं आणि आत शिरले.

काकू पलंगावर मांडी घालून चहा पीत बसल्या होत्या.

"या," त्या हसून म्हणाल्या. "ह्यांना कवापासनं सांगतीया, आत या. ऐकत्यातच न्हाईत. म्हनं छाती वाजत न्हाई, हेच ऐकू द्या जरा."