साहेबांच्या नावाचं फंक्शन

बाबाराव परातेला नोकरीत कायम करायची शिफारस मोहाडीकर साहेब करणार होते, आणि नेमकं त्याच साहेबांचं नाव बाबारावने नको तिथे घालून ठेवलं होतं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. नागपुरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर नवा होता आणि परीक्षेचं वेळापत्रक छापणारा प्रोग्राम बाबाराव लिस्प भाषेत लिहीत होता. साहेबांचा नियम कडक. प्रत्येक फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एकेक काम करणाऱ्या तुकड्याला, आधी पॅकेजचं, म्हणजे सगळ्या प्रोग्रामचं नाव, मग आडवी रेघ, मग त्याचं काम: 'वेळापत्रक-छाप', 'वेळापत्रक-तपास'. पण दिवसभर साहेबांचे हुकूम झेलून बाबारावला एकदा लहर आली. प्रिंटर मोकळा होईपर्यंत नुसतं बसून राहणारं एक फंक्शन होतं, त्याचं नाव त्याने 'मोहाडीकर' ठेवलं. आता हुकूम सोडायची पाळी त्याची होती.

प्राचार्या यमुताईंना प्रोग्राम दाखवायच्या दिवशी, एक चूक शोधताना, चालू फंक्शनचं नाव पडद्यावर दाखवायची सोय त्याने सुरू केली आणि बंद करायला विसरला. यमुताई खुर्चीत बसल्या, प्रिंटर कुरकुरू लागला आणि पडद्यावर उमटलं: मोहाडीकर. त्याखाली पुन्हा मोहाडीकर. पाहता पाहता पडदा भरला.

"बाबाराव, माझं नाव इथं काय करून राहिलं गा?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, सर," घाबरलेल्या बाबारावच्या तोंडून खरं तेच निघालं. "नुसतं बसून राहते."

यमुताईंनी चष्मा पुसायला घेतला. बाबारावला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याने आपल्याला कामावर घेतलं त्याचीच आपण चारचौघांत शोभा केली, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"पुसून टाक," साहेब हळूच म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

त्याने फंक्शन पुसलं. पण पुढचं प्रत्येक काम त्या फंक्शनवरच अडलेलं. प्रिंटर थबकला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. यमुताईंनी ती मराठीत सांगितली, "मोहाडीकर सापडत नाहीत. काम बंद."

साहेब खुर्चीत ताठ झाले.

"पाहिलं न मॅडम? मी तेच सांगून राहिलो तुमाले. माझ्याबिगर इथं काही चालत नाही."

फंक्शन पुन्हा घालायचा हुकूम सुटला, या वेळी नियमाप्रमाणे: 'वेळापत्रक-मोहाडीकर'. बाबारावला मान वर करवेना. साहेबांनी शिफारशीवर तिथल्या तिथे सही ठोकली.

"पोट्टा गुणाचा आहे, मॅडम," ते म्हणाले. "माणसं बरोबर वळखते."