उन्हाचे इन्स्पेक्टर

सबनीस काका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी खिशातून होकायंत्र काढतात. पितळी, झाकणाचं, भारतातून आणलेलं. न्यूझीलंडमध्ये त्याची सुई एका बाजूला झुकते आणि तबकडीला टेकून अडकते. मग काका यंत्र तिरकं धरतात, त्याला टिचकी मारतात आणि हळूहळू स्वतःही तिरके होतात. यजमान तोवर दार धरून उभे.

यामुळे ऑकलंडमधल्या मराठी घरांत काका वास्तुतज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले आहेत. काका आणि मी गणपतीच्या जेवणाला गेलो होतो तेव्हा एका बाईंनी ताट हातात देताना हळूच विचारलं, "काका, आमचं किचन चुकीच्या दिशेला आहे का हो? ह्यांचं प्रमोशन अडलंय."

"वास्तू नाही हो, ऊन!" काका ओरडले. "मी ऊन बघतो. प्रमोशनचं त्यांच्या साहेबाला विचारा."

मी बॉटनी डाउन्स या उपनगरात काकांच्या मुलाच्या, निखिलदादाच्या घरात खालच्या खोलीत भाड्याने राहते आणि एका फार्मसीत काम करते. सोमवारी माझी सुट्टी असते, आणि काकांना इथे गाडी चालवता येत नाही. आमची ओळख एवढ्यावरच जमली. मी फारशी बोलत नाही, ते काकांना सोयीचं पडतं. ते नाशिकला सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे जोतं, पाखं, धुराडं हे शब्द मी काकांकडून शिकले, सिग्नलला थांबल्यावर, काचेतून दिसणाऱ्या घरांकडे बोट दाखवून.

आम्ही जातो ते ठिकाण ठरलेलं आहे. समुद्राकडच्या जुन्या वस्तीत चर्चच्या मागे सहा घरांची एक रांग आहे. इंग्लंडच्या खेड्यांत पूर्वी एखादा श्रीमंत माणूस किंवा चर्च गावातल्या निराधार म्हाताऱ्यांसाठी अशी घरं बांधून द्यायचं. त्यांना आल्म्सहाउस म्हणतात. तिकडून आलेल्या कुणीतरी आपल्या गावातली रांग आठवून ही इथे उभी केली. अजूनही तिथे एकट्या, म्हाताऱ्या बायकाच राहतात.

सहा घरांवर मिळून एकच लांब छप्पर, आणि दर दोन घरांत एक धुराडं. जोतं काळ्या ज्वालामुखीच्या दगडाचं, वर लाल विटा. दारं इतकी बुटकी की काकांनाही वाकावं लागतं. प्रत्येक दारापुढे चिमुकली पडवी आणि तिच्यात समोरासमोर दोन दगडी बैठका. खिडक्यांना शंकरपाळ्यांसारख्या काचा.

निखिलदादा एकदा म्हणाला, "बाबा, त्या चाळीत दर आठवड्याला काय बघायचं असतं?"

"चाळ नाही ती. चाळीत आत काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. इथे दार लावलं की ज्याचं त्याचं, पण भिंत मात्र दोघांची."

पण काकांचा खरा शोध वेगळाच होता. सगळ्या पडव्या आणि सगळ्या मोठ्या खिडक्या दक्षिणेला होत्या.

"इंग्लंडात ऊन दक्षिणेकडून येतं. हिवाळ्यात आपल्याकडेही तसंच. इथे मात्र उत्तरेकडून," काका सांगायचे. "बांधणाऱ्याने गावाकडचं घर जसंच्या तसं डोक्यातून आणलं. चौकट बरोबर, पडवी बरोबर. सूर्य तेवढा तिकडे राहिला."

ही गोष्ट सांगताना ते हसतील असं मला प्रत्येक वेळी वाटायचं. ते हसत नसत.

पहिल्या सोमवारी काका टेप लावून जोतं मोजत होते, तेवढ्यात पहिल्या घरातल्या मिसेस पिकरिंग बाहेर आल्या. "आलात एकदाचे! माझ्या पुढच्या खोलीचा बर्फ झालाय." त्यांना काका ही घरं सांभाळणाऱ्या ट्रस्टचे इन्स्पेक्टर वाटले होते. नाही म्हणायचं सोडून काका गंभीरपणे म्हणाले, "आय विल सी." निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी तक्रारच आणली नव्हती.

मग सहाही दारांतून तक्रारी येऊ लागल्या. ओल, अडकलेली खिडकी, गार फरशी. काका घरांच्या मागे गेले, यंत्र तिरकं केलं, स्वतः तिरके झाले आणि संतापले. मागची बाजू उत्तरेची. तिथलं सगळं ऊन कचऱ्याच्या डब्यांना मिळत होतं.

काकांनी डबे पुढे हलवायला लावले. निखिलदादाच्या अंगणातल्या जुन्या लाकडी डेकच्या फळ्या माझ्या गाडीतून नेल्या आणि मागच्या भिंतीला टेकून एक लांब बाक ठोकला. त्या हिवाळ्यात सगळ्या बायका तिथे ओळीने बसून चहा पिऊ लागल्या. काका शेवटच्या टोकाला, हातात होकायंत्र.

फळ्या कुठे गेल्या ते निखिलदादाला कळलं तेव्हा तो घाबरला. "बाबा, विदाउट परमिशन? कुणी पडलं तर? आणि तुम्ही इन्स्पेक्टर आहात असं समजतायत ते लोक! यापुढे जायचं नाही तिथे. गौरी, प्लीज, तू जाऊन खरं काय ते सांगून ये."

काकांनी वाद घातला नाही. "मीही येतो. न सांगता जाणं बरं दिसत नाही," एवढंच म्हणाले. वाटेत त्यांनी एकाही घराकडे बोट दाखवलं नाही.

बाकासमोर उभी राहून मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. हे इन्स्पेक्टर नाहीत. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

मिसेस पिकरिंगनी कप खाली ठेवला. "डिअर, ते आम्हाला केव्हाच कळलं. इन्स्पेक्टर दुसऱ्यांदा येत नाहीत."

बाकावर हशा पिकला. मग त्या काकांकडे वळल्या. "ट्रस्टची माणसं परवा आली होती. बाक राहू दे म्हणाली, फक्त पाय पक्के करून घ्या. तेव्हा हत्यारं घेऊन या. पण मला एक सांगा, ज्या मूर्खाने हे बांधलं, त्याला एवढंही कळलं नाही?"

काकांनी एकेक इंग्रजी शब्द जुळवला.

"तो मूर्ख नव्हता," ते म्हणाले. "त्याला तुम्हाला ऊनच द्यायचं होतं."

परतताना पहिल्या सिग्नलला काकांनी यंत्राचं झाकण उघडलं.

"आम्ही इथे आलो तेव्हा निखिल म्हणाला, उत्तरेची खोली घ्या. मी हट्टाने दक्षिणेची घेतली. सुमनला संधिवात, तिला ऊन हवं म्हणून. इंजिनिअर ना मी!" त्यांनी काचेवर टिचकी मारली. "खिडकीशी खुर्ची टाकून बसायची, शाल घेऊन. मी म्हणायचो, ढग आहेत. ती म्हणायची, येईल हो ऊन, तुम्ही जेवून घ्या."

"काकूंना कळलं नव्हतं?"

"कळलं असणार. मला कळलं तोवर ती दवाखान्यात होती. परत आलीच नाही."

सिग्नल हिरवा झाला. काकांनी झाकण लावलं.

"सोमवारी जाड स्क्रू घेऊ," ते म्हणाले. "आणि बाकाला पाठही करू. म्हाताऱ्या माणसांना टेकायला लागतं."