इनामदार बाई आणि घोळीचं कूळ

इनामदार बाई रस्त्यात पालथ्या पडलेल्या दिसल्या, की नवा माणूस पाणी आणायला पळतो. जुना माणूस सायकल वळवून जातो. बाईंना चक्कर आलेली नसते. गटाराच्या कडेला फरशीच्या फटीत एखादं रोप उगवलेलं असतं आणि बाई डोळ्याला भिंग लावून त्याची चौकशी करत असतात. मागं रिक्षावाला हॉर्न वाजवून दमतो. बाई वर न बघता हात उचलतात. "स्वल्प इरप्पा, थांब जरा. फूल मिटायच्या आत बघू दे."

मी शिकलेला माणूस नाही. चौथी झाली, कोल्हापूरकडून बंगळूरला आलो, सरकारी कारखान्यात लेथवर जन्म काढला. बाईंची विद्या किती खरी, ते मला विचारू नका. पण भिंतीला भिंत लागून राहिलो, त्यामुळं माणूस कसा ते सांगू शकतो. त्या मुलींच्या कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण शिकवायच्या थांबल्या नाहीत. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाईंनी उलट त्याचंच कूळ काढलं असतं.

कूळ हा त्यांचा जपच. "आधी कूळ सांगा, मग बोला." वरच्या मजल्यावर पुण्याची कॉम्प्युटरवाली जोडी राहायला आली. बाई जिन्यात उभ्या.

"कूळ?"

पोरगा गांगरला. "आम्ही देशस्थ."

"तुमचं कोण विचारतंय? बाल्कनीतल्या कुंडीचं सांगा."

"चिनी गुलाब आहे, काकू. दहाला फुलतो म्हणून ऑफिस टाइम पण म्हणतात."

"गुलाबाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ती घोळ आहे. नटलेली घोळ."

सगळ्या झाडपाल्यात बाईंचा जीव ह्या एका घोळीच्या कुळावर. आपण जिची भाजी करतो तीच घोळ, इथले लोक जिला गोणी सोप्पू म्हणतात. जाड पान, लाल देठ, जमिनीला चिकटून पसरणारी. चिवळ तिची धाकटी बहीण. चिवळीच्या सांध्यावर केस असतात आणि फुलाला चार पाकळ्या. घोळीला पाच. देठ मोडून दूध आलं, तर ती घोळ नव्हे, लांब राहा. पानांची जोडी एक मोठं एक बारकं अशी असली, तर तीही घोळ नव्हे, परकी आहे. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण बाजारात बाईंनी भाजीवालीची अख्खी टोपली उपडी करून निवडून दिलेली मी बघितली आहे. भाजीवाली म्हणाली, "अक्का, उद्यापासून तुम्हीच बसा इथं." बाई बसल्यासुद्धा असत्या.

एकदा दोन दिवस बाई घराबाहेर पडल्या नाहीत. मला वाटलं ताप असेल. तर कुठल्या तरी परदेशी मासिकात आलं होतं की हे कूळ एक नाही, फोडून वेगवेगळं करावं लागेल. "वाटणी करायला निघालेत, अण्णा," बाई म्हणाल्या. "नांदतं घर फोडणार." तोंड असं, की घरात खरंच भाऊबंदकी लागली आहे.

माझी बायको सरू आणि बाई यांचं सूत भाजीवरून जमलं. आमच्या मागल्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी घोळ आपोआप यायची. सरू ती खुडायची, लसूण आणि मुगाची डाळ घालून परतायची आणि स्टीलच्या वाटीतून बाईंकडं न्यायची.

"मी नमुने खात नाही, सरूअक्का. पण ठेवा. अभ्यासाला होईल."

दुसऱ्या दिवशी वाटी घासूनपुसून परत. सरू विचारायची, "झाला का अभ्यास?"

"झाला. मीठ अंमळ कमी होतं."

चांगली झाली होती, असं बाईंनी कधी म्हटलं नाही. सरूनंही पाठवायची सोडली नाही.

मग सरू गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मला लिहिता येत नाही. घर रिकाम्या डब्यासारखं वाजायला लागलं. तशात घरमालकानं मागल्या अंगणात सिमेंट ओतायचं काढलं. मी दारात उभा राहून बघत होतो. गवंड्यानं माती उकरून ढीग केला, त्यातच घोळ. तेवढ्यात बाई चपलेसकट ढिगात शिरल्या आणि मूठभर मरगळलेल्या काड्या घेऊन बाहेर आल्या.

"मेली ती, बाई," मी म्हणालो.

"आपले नियम हिला लावू नका. ही उपटल्यावरसुद्धा पडल्या पडल्या बी पिकवते."

कुंडीत खोचली. आठवडाभरानं तिनं मान वर काढली. महिन्याभरात कुंडीचा काठ दिसेना. तेव्हा बाईंनी जाहीर केलं, वसाहतीच्या पुष्पप्रदर्शनात ही बसणार. "रस्त्यावरची म्हणून हिला कुणी आत घेत नाही. सरूअक्काची घोळ आहे. बसवल्याशिवाय राहायची नाही मी." मला फुलातलं काही कळत नाही, पण मलाही ते हवं झालं. सरूच्या हातचं तेवढंच जिवंत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सेक्रेटरी मंजुनाथप्पा मंडपाच्या तोंडाशीच आडवे आले. "बाई, इदु कळे. तण आहे हे. नेऊन टाका."

"बोर्डावर काय लिहिलंय?"

"पोर्टुलाका. म्हणजे चिनी गुलाब, कुंडीतले."

"मग हीच पोर्टुलाका. कुळाला नाव हिच्यावरून पडलंय. ती तुमची रंगीत मंडळी सगळी पाहुणी. पाहुण्यांना पाट आणि घरच्या थोरलीला दाराबाहेर?"

परीक्षक बागखात्यातले निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला, पान चाचपलं आणि म्हणाले, "शास्त्रानं बाईंचं बरोबर आहे."

"सरी, सरी, बरं," मंजुनाथप्पा म्हणाले. "कोपऱ्यात ठेवा."

दहा वाजले आणि चिनी गुलाब उघडले. गुलाबी, केशरी, पिवळे, लग्नाचा मांडवच. आमच्या घोळीला फुलं आली तीही डाळीच्या दाण्याएवढी. मी म्हणालो, "बाई, हरलो."

"पाहुणे आले का?"

पाहुणे म्हणजे नगरसेवक. त्यांनी दिवा लावल्याशिवाय परीक्षण सुरू करायचं नाही, असा इथला रिवाज. आणि नगरसेवक हेब्बाळला दुसऱ्या कुठल्या तरी उद्घाटनात अडकलेले. अकरा झाले, बारा झाले. मंजुनाथप्पा फाटकाकडं खेपा घालत होते. बाई खुर्चीवर बसून शेंगा खात होत्या.

नगरसेवक आले ते तीन वाजून गेल्यावर. दिवा लागला, सगळे कुंड्यांकडं वळले. बघतात तो काय, झाडून सगळी फुलं मिटलेली. ऑफिस सुटलं होतं. मांडवभर चोळामोळा केलेले कागदाचे बोळे आणि खाली सुईसारखी पानं.

आमचीही फुलं मिटली होतीच. पण आमची घोळ फुलांवर जगणारी नव्हती. लालबुंद देठ, तेल लावल्यासारखी पानं, कुंडीभर गोल पसरलेली. परीक्षक तिथंच थांबले. बाईंनी एक बोंड नखानं टिचकवलं. त्याचं झाकण डबीसारखं निघालं आणि आत बारीक काळं बी.

"लॅटिनमध्ये हिचं नाव ह्या झाकणावरून," बाई म्हणाल्या. "छोटं दार."

नगरसेवक भिंगातून वाकून बघत राहिले. "इदु गोणी सोप्पू अल्वा? हीच ना, आमची आई करायची."

मंजुनाथप्पांची बायको मागून म्हणाली, "आमच्या घरी परवाच केली होती. ह्यांनी दोनदा घेतली." मंजुनाथप्पा मंडपाचा दोर तपासायला गेले.

भोंग्यावर पुकारलं, "पोर्टुलाका, पहिलं बक्षीस, श्रीमती सरस्वतीअम्मा." नाव बाईंनी दिलं होतं, मला न विचारता. सरूचं नाव भोंग्यावरून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. कप घ्यायला मी गेलो. टाळ्या वाजत होत्या आणि त्यांत सगळ्यांत जोरात बाईंच्या. मी कप डोक्यावर धरून वसाहतीतून चालत आलो. लाज वाटली नाही.

संध्याकाळी बाई कुंडी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. शेंडे स्वतः खुडले. "खुडली की दुप्पट फुटते. आज करा."

मी केली. जशी जमली तशी. बाईंनी पदराखालून स्टीलची वाटी काढली. तळाला सरूचं नाव कोरलेलं. शेवटच्या खेपेची, परत न आलेली. मी तिच्यात भाजी वाढली.

माझ्या तोंडात घास गेला तेव्हा कळलं, मीठ घालायचं राहून गेलं होतं. बाई मात्र मान खाली घालून खात होत्या. वाटी रिकामी झाली.

मी विचारलं, "झाला का अभ्यास?"

बाईंनी मिठाचं नाव काढलं नाही. वाटी पुढं केली.

"अजून थोडा बाकी आहे, अण्णा."